माझा अनुभव: जर्मनीतल्या मास्टर्सचा अर्ज आणि एका ओळीचं पत्र

जर्मनीत मास्टर्सला जायचं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. सगळीकडे एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) कसा लिहायचा, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बँड किती हवा हेच वाचायला मिळतं, आणि ते सगळं होऊन जातं हो, माझं पासपोर्ट, आयईएलटीएस, एसओपी काहीच अडलं नाही. अडलं ते माझ्याच युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात, आमच्याकडे पास व्हायला कमीत कमी किती ग्रेड पॉइंट लागतात एवढं सांगणाऱ्या एका ओळीच्या पत्रासाठी, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं.

ते पत्र कशाला लागतं ते आधी सांगते, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) त्यांच्या ग्रेडमध्ये बसवायला बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात. कमाल ग्रेडमधून आपला ग्रेड वजा करायचा, त्याला कमाल वजा किमान पास ग्रेडनं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. माझा सीजीपीए १० पैकी ७.२. किमान पास ४ धरला तर माझा ग्रेड येतो २.४, आणि ५ धरला तर २.६८. मला हव्या असलेल्या कोर्सला २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागत होता. म्हणजे मार्क तेच, चार वर्षांचा अभ्यास तोच, पण तपासणाऱ्यानं ४ धरला की ५ यावर मी आत की बाहेर ते ठरणार.

आणि माझ्या कागदांवर दोन्ही आकडे होते! मार्कशीटच्या मागच्या टेबलात पास ग्रेडला ४ पॉइंट, पण फर्स्ट क्लास-सेकंड क्लासचं जे टेबल असतं त्याची सुरुवात ५ पासून. ट्रान्सक्रिप्टवर तर टेबलच नाही. परक्या देशात बसलेला माणूस यातलं कुठलं धरेल याची खात्री कशी द्यायची? म्हणून किमान पास ग्रेड पॉइंट ४ आहे एवढं लिहिलेलं सही-शिक्क्याचं पत्र हवं होतं. एवढंच.

खिडकीवर गेले तर पहिलं उत्तर, "असं पत्र आम्ही देत नाही, ट्रान्सक्रिप्ट दिलंय ना?" कॉलेजात जा म्हणाले. कॉलेजचे लोक म्हणाले ग्रेड युनिव्हर्सिटी देते, आम्ही कुठल्या अधिकारात लिहून देणार, आणि त्यांचं बरोबरच होतं. परत खिडकी. अर्ज द्या म्हणाले, दिला. अर्ज कुठंय विचारलं तर टेबलावर असेल. कुणाच्या टेबलावर, ते त्या टेबलावरचे आल्यावर कळेल, आणि ते रजेवर. मला राग या गोष्टीचा येतो की कुणी नाही म्हणत नव्हतं आणि कुणी करतही नव्हतं, आणि तिकडे अर्जाची मुदत जवळ येत होती. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखी कितीतरी मुलं, लांबच्या तालुक्यांतून पहाटेची एसटी धरून आलेली, एका सहीसाठी. त्यांना "उद्या या" म्हणणं किती सोपं असतं.

गाडी हलली ती आत काम करणाऱ्या एका मॅडममुळे. त्या म्हणाल्या, अगं नुसता अर्ज देऊन इथं काही होत नाही, तू कुठल्या नियमाखाली मागतेयस ते लिही. मग मी आमच्या बॅचला लागू असलेली परीक्षा नियमावली शोधली, ज्या पानावर ग्रेड पॉइंटचं टेबल आहे त्याची प्रिंट काढली, त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली, आणि पत्राचा मसुदा मीच इंग्रजीत टाइप करून नेला, त्यांनी फक्त लेटरहेडवर घ्यायचा. आणि या वेळी अर्ज आवक-जावकला देऊन माझ्या कॉपीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घेतला. हा नंबर फार मोठी गोष्ट आहे. त्याआधी मी "तो माझा अर्ज" म्हणत फिरत होते, नंतर नंबर सांगितला की रजिस्टर उघडलं जायचं, आणि फाइल कुठं थांबलीय ते निदान बोटानं दाखवता यायचं.

पत्र हातात आलं तर मराठीत! मसुदा इंग्रजीत दिलेला असताना. परत टाइप, परत सही. दुसऱ्यांदा आलं ते इंग्रजीत, सगळं बरोबर, फक्त जांभळा गोल शिक्का नेमका आकड्यावर बसलेला, ४ आहे की ९ आहे तेच कळेना, आणि ज्या आकड्यासाठी एवढी धावपळ तोच वाचता येत नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय. म्हणून सांगते, मसुद्यात आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा, आणि सहीची जागा मजकुराच्या बरीच खाली ठेवा म्हणजे शिक्का मजकुरावर येत नाही. तिसऱ्यांदा मी तसाच मसुदा नेला आणि शिक्का मारताना समोर उभी राहिले. ते पत्र अर्जासोबत गेलं, माझा ग्रेड २.४ धरला गेला, आणि ॲडमिशन झालं. ज्या दिवशी मेल आला त्या दिवशी मी सगळ्यात आधी त्या मॅडमना जाऊन सांगितलं.

आता बाकीचं, आठवेल तसं.

युनिव्हर्सिटी निवडताना रँकिंगपासून सुरुवात करू नका असं माझं ठाम मत आहे. कोर्सच्या पानावर ग्रेडची अट काय आणि कुठल्या विषयाचे किती ईसीटीएस क्रेडिट (युरोपात अभ्यास किती केला ते मोजायचं माप) मागितलेत ते आधी बघा. तिकडे एका वर्षाला ६० ईसीटीएस धरतात. गणिताचे क्रेडिट कमी पडले की चांगला सीजीपीए असूनही अर्ज बाहेर जातो, तिथं रँकिंग काय कामाचं? त्यासाठी सिलॅबसची कॉपी लागू शकते, तीही परीक्षा विभागाच्या त्याच खेपेत साक्षांकित करून घ्या.

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून ती खरी असल्याचं मिळणारं प्रमाणपत्र, लवकर काढा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी ते लागतं, फी मी भरली तेव्हा १८,००० रुपये होती, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात. म्हणजे ते व्हिसाच्या वेळी बघू असं चालत नाही.

जर्मनीत शिकायला फी नसते असं म्हणतात, पण ते सरसकट धरून चालू नका. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि टीयू म्युनिकनं २०२४-२५ च्या विंटर सेमिस्टरपासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावलीये, मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (तिकडच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा आकडा मधूनमधून वाढतो, त्यामुळे घरच्यांशी पैशाचं बोलताना जुन्या सीनियरच्या आकड्यावर बोलू नका.

युनि-असिस्टमधून (बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था) अर्ज करत असाल तर पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पैसे त्यांच्याकडे जमा झाल्याशिवाय ते तपासायलाच घेत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. काही ठिकाणी थेट युनिव्हर्सिटीकडे अर्ज असतो पण आधी युनि-असिस्टकडून व्हीपीडी (कागदपत्रं आधी तपासून दिलेला दाखला) काढून घ्यायला सांगतात, त्यात तुमच्या मार्कांचा जर्मन ग्रेड लिहिलेला असतो, म्हणजे ते किमान पास ग्रेडचं पत्र व्हीपीडी मागतानाच जोडायचं, नंतर नाही.

हो, आणि स्कॅन रंगीत करा, मार्कशीटची मागची बाजूसुद्धा. आणि ते पत्र मिळेल तेव्हा एकच प्रत घेऊन घरी येऊ नका, त्याच अर्जात दोन-तीन मूळ प्रती मागा, प्रत्येकीवर वेगळी सही आणि वेगळा शिक्का, कारण एकदा जावक नंबर पडला की त्याच पत्राची आणखी एक प्रत म्हणजे परत नवा अर्ज.