कपाटातली न उघडलेली खोकी

दिवाळीला नाशकात गेले होते. आईचं कपाट आवरायला घेतलं आणि मीच पाठवलेली खोकी एकेक करून बाहेर यायला लागली. पाय दाबायचं यंत्र, एअरफ्रायर, कॉफीचं मशीन (आमच्याकडे कॉफी होते ती फक्त पाहुण्यांसाठी). सगळं मी स्टुटगार्टमध्ये सोफ्यावर लोळत इंदिरानगरच्या पत्त्यावर मागवलेलं. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती. "अगं, तू प्रेमाने पाठवतेस, नको कसं म्हणायचं?" आई म्हणाली. एअरफ्रायरच्या खोक्यावर तिने पापडांचा डबा ठेवला होता, तेवढाच काय तो उपयोग.

मला हसता आलं नाही. स्टुटगार्टच्या तळघरात माझा स्वतःचाही असाच ढीग पडलाय.

बाबा मायकोत, म्हणजे जर्मन बॉश कंपनीच्या नाशिकमधल्या कारखान्यात होते, त्यामुळे स्टुटगार्ट हे नाव आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासूनचं. रॉबर्ट बॉशने १८८६ साली आपलं पहिलं वर्कशॉप तिथे काढलं. आणि हा सगळा श्वाबेन मुलूख काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध. डिसेंबर २००८ मध्ये, जग मंदीत गटांगळ्या खात असताना, तेव्हाच्या जर्मन चान्सलर आंगेला मेर्केल यांनी स्टुटगार्टमधल्याच पक्ष अधिवेशनात सांगितलं होतं की, एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारायला हवं होतं. ऐपतीबाहेर कायम जगता येत नाही, हे तिने सांगितलं असतं. अशा गावात राहून मी खातं उण्यात नेलं, ही माझी कमाई.

इथे बँक खात्याला 'डिस्पो' नावाची सोय असते. पैसे संपले तरी ठरावीक मर्यादेपर्यंत खातं उण्यात जाऊ देतात. अर्ज नको, विचारणं नको. माझ्या खात्यावर त्याचं व्याज ११ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि मी आठ महिने ते बघितलंही नव्हतं. शिवाय ऑनलाइन खरेदीत 'आउफ रेश्नुंग', म्हणजे वस्तू आधी, बिल नंतर. चौदा दिवसांत परत करायचा हक्क कायद्यानेच दिलेला. म्हणून मी एकाच जॅकेटचे तीन साइज मागवायचे, दोन परत करायचे ठरवायचे, आणि पंधराव्या दिवशी तिन्ही माझ्याच कपाटात असायचे.

उधारी काही मला नवी नव्हती. लहानपणी आम्ही सातपूर कॉलनीत राहायचो, तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे आमची वही होती. महिनाअखेरीला गेलं की काका वही उघडायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "साखर ने. बिस्किटं पगार झाल्यावर." दुकानात चार माणसं उभी असायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, ते चष्म्यावरून बघणं त्या उधारीतच धरलेलं होतं. फोनवर ते कुणी करत नाही.

सवय ओळखू आली ती कपाट आवरून झाल्यावर, परतीच्या विमानात. वेळ घालवायला जुन्या ऑर्डरींच्या ईमेल चाळत होते. वस्तू सोडून तारखा आणि वेळा बघितल्या, तर बहुतेक सगळं रविवारी संध्याकाळी पाच ते सात. रविवारी इथे दुकानं बंद, रस्ते ओस. चार वाजता घरी व्हिडिओ कॉल, तेव्हा नाशकात हिवाळ्यात साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात वाजलेले. मग "चल, जेवायला बसतो" म्हणून तिकडचा फोन बंद होतो आणि इकडे सगळी संध्याकाळ शिल्लक राहते. त्या दोन तासांत मी आईसाठी पाय दाबायचं यंत्र घेत होते. खर्चाचा हिशेब ठेवा, असं मला दहा जणांनी सांगितलं होतं. घड्याळ बघ, असं कुणी म्हणालं नव्हतं.

परत आल्यावर बँकेला सांगून डिस्पोची मर्यादा शून्य करून घेतली. एका फोनचं काम होतं आणि मी ते वर्षभर टाळलं होतं. कार्डाचे नंबर सगळीकडून काढले. (ज्यांचं प्रकरण याहून पुढे गेलंय त्यांनी लाजू नये, इथे कारितास, डियाकोनी अशा संस्थांची कर्जदारांसाठीची सल्लाकेंद्रं आहेत, पैसे घेत नाहीत.) आणि रविवारी कॉल संपला की बूट घालून निघते. शहराच्या कुशीतच द्राक्षांचे मळे आहेत, उभ्या चढावर. मळे बघितले की पिंपळगाव आठवतं, फक्त इथे थंडी फार.

पूर्ण सुटलंय असं नाही. मागच्याच महिन्यात पाऊस होता, घरातच बसले आणि एक दिवा आला. तेराव्या दिवशी परत केला, पोस्टात रांग लावून.

काल आईचा फोटो आला. एअरफ्रायर शेवटी उघडलाय, आत पापड. खाली लिहिलंय: "तेल लागत नाही म्हणे, पण चवही लागत नाही. कॉफीचं मशीन शेजारच्या काकूंना देऊ का?"