सूर्याच्या पाठीमागे

हल्ली ‘इमर्सिव’ प्रदर्शन म्हटलं की काळोखा हॉल, चारी भिंतींवर प्रोजेक्टरनं सोडलेली चित्रं, वर मोठ्ठं संगीत. नात मुंबईहून असले व्हिडिओ धाडते, मी कौतुकानं बघते. पण प्रोजेक्टर कुठे टांगलेत ते कधीच दिसत नाही, आणि माझं घोडं तिथंच अडतं.

ही खोड आमच्या ह्यांची. हे जन्मभर गुजरात वीज मंडळात, उमेदीची वर्षं धुवारणच्या वीजघरात. २००४ च्या हिवाळ्यात आम्ही लेकीकडे लंडनला होतो. टेट मॉडर्न हे म्युझियम म्हणजे थेम्सकाठचं जुनं वीजघर, एवढ्याच आमिषावर हे यायला तयार झाले. तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये कलावंत ओलाफुर एलियासन यांचं ‘द वेदर प्रोजेक्ट’ हे प्रदर्शन लागलं होतं. टोकाला प्रचंड पिवळा सूर्य, हवेत धुकं, आणि फरशीवर माणसं खुशाल उताणी पडलेली! छताला आरसे होते. त्यात आपण कुठले ते कळावं म्हणून जो तो हातपाय हलवत होता. बडोद्यात सूरसागर तळ्याच्या पाळीवर कुणी असं लोळलं तर घरी निरोप जाईल.

मी डाळिंबी शाल पांघरली होती, ती एकदम काळपट. लेकीचा हिरवा कोटही तसाच. ह्यांनी लगेच निदान केलं, “दिवे एकाच पिवळ्या तरंगलांबीचे आहेत. लाल-हिरवा दिसेल कुठून?” सूर्यसुद्धा अर्धाच होता, उरलेला अर्धा आरशातला.

मग हे गायब. शोधते तर सूर्याच्या पाठीमागे उभे! तिथं जायला कुणाची आडकाठी नव्हती. दिवे, वायरी, सांगाडा, सगळं उघड्यावर. कलावंताला ते लपवायचंच नव्हतं. पोटभर बघून हे पुढे येऊन बसले, स्वेटरची बटणं काढली आणि म्हणाले, “बरं वाटतंय गं उन्हात.” आत्ताच दिवे मोजून आलेला माणूस!

प्रोजेक्टरवाल्यांनी एवढी हिंमत करावी, असं मला वाटतं.

या सुट्टीत नातीला रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात न्यायचं ठरवलंय. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. वरच्या मजल्यावर भिंतीभर चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रजांची लढाई, मध्येच मडमा. मधोमध उभं राहायचं आणि आपणच गोल फिरायचं. पोपडे निघालेत तिथं खालचा चुना दिसतो, तोही बघायचा. तिकडे जाणार असाल तर सकाळच्या उजेडात जा.

हेही येणार आहेत. एवढ्या जुन्या लाकडात वायरिंग कुठून नेलंय, ते त्यांना बघायचंय.