गाडी बोलते फार, ऐकते काहीच नाही

जर्मनीतून कोणी जळगाव-धुळ्याला सुट्टीवर गेलं की ओट्यावर बसलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडच्या गाड्या एकदम भारी असतील, काय भो?" भारी असतात, वाद नाही. ताशी १५० ला गाडी थरथरत नाही आणि ब्रेक विश्वासाचे असतात. वैताग येतो तो त्यांच्या किटकिटीचा. नवी गाडी सतत काहीतरी सांगत असते, आणि आपण एकदा "नको" म्हटलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी विसरलेली असते. हीच यंत्रं आता भुसावळ-चाळीसगावच्या शोरूममध्येही येऊन उभी आहेत. म्हणून काय बंद करावं, काय करू नये आणि नेमकं कुठे बिघडतं, हे नीट सांगितलेलं बरं.

सगळ्यात जास्त शिव्या खातं ते वेगमर्यादेचं पिंपिं. युरोपीय संघाच्या नियमानुसार ७ जुलै २०२४ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ते सक्तीचं आहे. काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरच्या पाट्या वाचतो, नकाशातली माहिती त्याला जोडतो आणि काटा मर्यादेपुढे गेला की आवाज करतो. काही गाड्यांत आवाजाऐवजी कंप असतो किंवा ॲक्सिलरेटर पायाला उलटा दाबतो. बंद करता येतं, पण इंजिन पुन्हा सुरू केलं की तेही पुन्हा सुरू. यात कंपनीला दोष देऊन उपयोग नाही, नियमातच तसं लिहिलंय.

मागच्या सीटवर बसून "हळू, हळू" करणाऱ्या नानांसारखं हे यंत्र, फक्त नानांना रस्ता दिसतो. कॅमेऱ्याला पाटी दिसते, तिचा अर्थ कळेलच असं नाही. ऑटोबानवरून, म्हणजे जर्मन महामार्गावरून, बाहेर पडणाऱ्या फाट्यावरची ६० ची पाटी तो सरळ जाणाऱ्यालाही लागू करतो. '३०' खाली "रात्री २२ ते ६" अशी छोटी पट्टी असली तर ती बऱ्याचदा त्याला उमगत नाही, मग भर दुपारी ३० साठी ओरड सुरू. बस आणि ट्रेलरच्या पाठीवर '१००' चा गोल स्टिकर असतो, कधी तोही पाटी म्हणून वाचला जातो. काचेवर चिखल किंवा बर्फ साचला की सगळा कारभार जुन्या नकाशावर चालतो.

उपाय एवढाच, की बऱ्याच गाड्यांत यासाठी शॉर्टकट असतो: स्टिअरिंगवरचं आवाजाचं किंवा 'आवडतं' असं नेमून देता येणारं बटण काही सेकंद दाबून धरायचं. गाडी ताब्यात घेतानाच विक्रेत्याकडून ते लावून घ्यावं, नाहीतर रोज पडद्यावर तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. नकाशाचं अपडेट टाळू नये, बरीच चुकीची ओरड तिथूनच येते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ८० पुढे अधूनमधून आणि १२० पुढे सतत वाजणारी सूचना आहे. तीही डोकं पिकवते, पण निदान प्रामाणिक आहे. ८० म्हणजे ८०, मधे कॅमेऱ्याचा तर्क नाही.

दुसरा वैताग म्हणजे लेन सोडली की स्टिअरिंग ओढणारं यंत्र. इथे जर्मनीत रस्त्याचं काम चालू असलं की पांढऱ्या पट्ट्यांवर तात्पुरत्या पिवळ्या पट्ट्या मारतात, आणि कायद्याने पिवळी पट्टी वरचढ असते. कॅमेरा मात्र कधीकधी जुनी पांढरीच धरतो आणि गाडी अडथळ्याच्या बाजूला खेचू लागतो. तिकडे पाहायला गेलं तर सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग क्रमांक ५३ वर पट्ट्या छान आहेत, पण रात्री कपाशीची किंवा उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय पुढे उभी असते. तिच्यापासून झटकन बाजूला घेताना स्टिअरिंग हातात अडखळलं तर जीव वर येतो. इंडिकेटर दिला की हे यंत्र ओढत नाही, त्यामुळे सवय लावायचीच तर इंडिकेटरची लावा. गावाकडच्या रस्त्यावर लेनचं यंत्र खुशाल बंद ठेवा. पण त्याच मेनूत आपोआप ब्रेक लावणारी प्रणाली असते, तिला हात लावू नका. ती कधीतरी उगाच दचकवते, तरी मोबाईलमध्ये मान घातलेल्या पोराला वाचवणारी तीच आहे.

पडद्यांबद्दल थोडक्यात. एसीचा वारा कमी करायला पूर्वी एक गोल बटण होतं, आता पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावायचं. थंडीत हातमोजे असले की पडदा बोट ओळखतच नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांसाठी खरी बटणं असली तरच पूर्ण गुण, असं ठरवलं आहे. देर आए. गाडी बघायला जाल तेव्हा डोळे मिटून वायपर आणि काच धुकं-साफचं बटण सापडतंय का, ते पाहा.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं हेही असंच. तेही दर वेळी नव्याने चालू होतं, कारण इंधनाची आणि धुराची चाचणी गाडी सुरू होताच ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेत होते. यामागचा खरा खर्च बॅटरीत आहे. या गाड्यांना वारंवार स्टार्टर मारायला सोसेल अशी एजीएम किंवा ईएफबी प्रकारची बॅटरी लागते. दुकानदार "साधी टाका, तीच चालते" म्हणाला तर ऐकू नका, ती लवकर झोपते. अनेक मॉडेलांत नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या संगणकात तिची नोंदही करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहतं. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला टेकलेला असताना मात्र हे यंत्र तुम्हाला फारसं दिसणार नाही, कारण एसीवर जोर असला किंवा बॅटरी पुरेशी भरलेली नसली की ते स्वतःच गप्प बसतं. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक हलकाच दाबला तर पुष्कळदा इंजिन बंद होत नाही.

गावाकडून उलटा प्रश्न येतो, की सकाळी गाडी गरम करायला दहा मिनिटं चालू ठेवत नाही का? इथे उगाच इंजिन चालू ठेवणं नियमाविरुद्ध आहे, दंड ८० युरो. आजच्या इंजिनाला त्याची गरजही नाही. अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवायचं, तेल त्यानेच लवकर गरम होतं.

टायरच्या हवेचा दिवा हा विषय जरा सविस्तर, कारण यात यंत्र बहुतेक वेळा बरोबर असतं आणि माणूस चुकीचा. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला हवेवर नजर ठेवणारी प्रणाली सक्तीची आहे. तिचे दोन प्रकार. एकात प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तो खरा दाब रेडिओने कळवतो. दुसऱ्यात सेन्सरच नसतो. हवा कमी झाली की चाकाचा परीघ किंचित घटतो, ते जास्त फिरतं, आणि चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएस ब्रेकप्रणालीला तो फरक दिसतो. या दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर मेनूत जाऊन रीसेट करावंच लागतं. ते केलं नाही तर दिवा जात नाही, आणि चारही चाकांची हवा एकसारखी कमी झाली तर ते उशिरा कळतं किंवा कळतही नाही. पहिल्या प्रकारातल्या सेन्सरची बॅटरी आत बंदिस्त असते, साधारण ५ ते १० वर्षांनी अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

थंडीच्या पहिल्या सकाळी हा दिवा गल्लीभर लागतो. पंक्चर नसतं. हवा थंड झाली की दाब उतरतो: २० अंशांना भरलेले ३३ पीएसआय उणे ५ अंशांना २९ च्या आसपास येतात. हेच गणित खानदेशात अजून कडक बसतं. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत, गाडी वीस किलोमीटर पळवून, तापलेल्या टायरात ३३ भरून घेतले, आणि डिसेंबरच्या पहाटे पारा १० वर आला की नुसत्या हवामानाच्या फरकाने त्याच टायरात २८ उरतात, टायर तापलेलं होतं म्हणून त्याहूनही कमी. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना, पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटरच चाललेली असताना भरायची. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड जो आकडा चिकटवलेला असतो तो थंड टायरचाच असतो. गरम टायरमधून हवा सोडायची मात्र नाही. इथल्या पंपावर आकडा बारमध्ये असतो, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, हे लक्षात ठेवलं की २.३ बघून गोंधळ होत नाही.

हिवाळ्याचे टायर हा त्याचाच पुढचा अध्याय. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत लोक ते लावून ठेवतात. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर ते सक्तीचेच, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक दंडगुण. ऑक्टोबर २०२४ पासून टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर मानले जातात. चाकं बदलल्यावर साधारण ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, तपासायचे. बऱ्याच छोट्या-मध्यम कारना ११० ते १२० न्यूटनमीटर लागतात, खात्रीला गाडीचं पुस्तक पाहावं. पान्यावर उभं राहून घट्ट करण्याची आपली पद्धत इथे बोल्टचे आटे खाते.

दिव्यांचा त्रास दोन्हीकडे सारखाच. हॅलोजनच्या आरशात कुठलाही स्वस्त एलईडी बल्ब घातला तर प्रकाशाचा बिंदू फिलामेंटच्या जागी येत नाही, झोत विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत गाडीच्या मॉडेलनुसार मंजूर केलेलेच बल्ब चालतात, बाकी दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत गाडी नापास. धुळे-जळगाव रस्त्यावर रात्री डोळे दिपतात त्यातला मोठा वाटा याच पांढऱ्या बल्बांचा. दुसरं कारण तर फुकट सुटण्यासारखं आहे. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चक्र असतं, ते कोणी फिरवतच नाही. मागे तिघं बसले आणि डिकीत लग्नाचं सामान असलं की गाडीचं नाक वर उठतं आणि झोतही उठतो. एकटे असाल तर ०, मागची सीट भरली की साधारण १, डिकीही भरली की २ किंवा ३. आकडा वाढला की झोत खाली येतो.

घरात शिरलं तरी सुटका नाही. इथल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये गॅस नसतो, ओट्यावर काच असते. इंडक्शन असेल तर तव्याला खालून चुंबक चिकटला पाहिजे, म्हणून ॲल्युमिनियमचा तवा बाद आणि मातीचं खापरही बाद. खापरावरचे मांडे तर विसराच. आपला खोलगट लोखंडी तवा चिकटतो, पण मधेच टेकतो आणि कडा थंड राहतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला सपाट, तीन-चार मिलिमीटर जाडीचा लोखंडी किंवा बिडाचा तवा लागतो. आधी मंद आचेवर पाचेक मिनिटं, मग ९ पैकी ७ वर. 'बूस्ट' दाबलं की पातळ तव्याचं बूड फुगतं आणि तो कायमचा डुगडुगतो. जाळ नसल्याने शेवटची बाजू तव्यावरच फुगवायची, फडक्याने कडेकडेने गोल दाबत. ओल्या पिठाचा हात काचेवरच्या बटणांना लागला किंवा पाणी सांडलं की शेगडी किंचाळून स्वतःच बंद होते, म्हणून परात तिथून दूर. आणि पुरणाचा गूळ काचेवर सांडला तर थंड होऊ द्यायचा नाही. काच गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढायचा, थंड झालेला साखरेचा पाक काचेचे टवके घेऊन निघतो.

फोडणीचा ठसका हा वेगळाच खटला. अनेक स्वयंपाकघरांत वरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून तीच हवा परत खोलीत सोडतो. काळ्या मसाल्यापुढे तो फिल्टर तीन-चार महिन्यांत हात टेकतो. धुराचा अलार्म झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर कायद्याने असतोच. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, एवढं केलं तरी पुरतं. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधणारे महाभाग आहेत, ते करू नये. रात्री दोनला दर मिनिटाला एकदा "टिक्" वाजत असेल तर ती आग नाही, संपत आलेली बॅटरी आहे. पहाटेच्या गारव्यात तिचा व्होल्टेज अजून पडतो, म्हणून ती नेमकी तेव्हाच बोलते.

भरितासाठी जळगावकडच्या बामणोदचं वांगं मिळत नाही आणि ते भाजायला बाल्कनीत काटक्या पेटवल्या तर घरमालकाची नोटीस. ओव्हनचा ग्रिल २५० वर, वांग्याला चार-पाच ठिकाणी सुरीने टोचून, पाऊण तास, मधे दोनदा फिरवून. न टोचलेलं वांगं आत फुटतं आणि मग ओव्हन साफ करण्यात रविवार जातो. धुराचा वास मात्र येत नाही, कितीही महाग ओव्हन घेतला तरी.