गजांच्या खिडक्या

जुलैमधला कोरिया म्हणजे आपला आषाढच. तेगूमधली कार्यशाळा आटोपली आणि आम्हा संवर्धकांना बसने गयासान डोंगरातल्या हैन्सा मंदिरात नेलं. होंगन्यूदोंगचा ओढा शरदात मेपलच्या पानांमुळे लाल दिसतो म्हणे. आम्हाला दिसला तो पाइनच्या जंगलातून दणदणत उतरणारा. अशा हवेत पुण्यात पोथ्या सांभाळणाऱ्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते: बुरशी.

मंदिर ८०२ सालचं. मला मात्र ओढ होती ती मुख्य सभागृहाच्याही वरच्या अंगाला असलेल्या भांडारांची. मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत, तेराव्या शतकात कोरलेल्या त्रिपिटकाच्या, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या, ८१,२५८ छपाईच्या लाकडी पाट्या तिथे ठेवल्या आहेत. दोन्ही बाजूंना उलटी अक्षरं, एकेक पाटी तीन-चार किलोची. आत जायला मिळालं नाही. खिडकीच्या उभ्या लाकडी गजांना नाक लावूनच पाहिलं. फडताळांत पाट्या उभ्या, ओळीने. काच नाही, यंत्र नाही, कसली घरघर नाही.

दक्षिणेच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या, वरच्या लहान. मागच्या भिंतीत बरोबर उलट. हवा खालून शिरते, पाट्यांमधून फिरते आणि मागच्या बाजूने वरून निघून जाते. जमिनीत कोळसा, चुना, मीठ आणि माती. ती पावसाळ्यात ओल शोषते, कोरड्या दिवसांत परत देते. पंधराव्या शतकातली ही बांधणी! १९७० च्या दशकात सरकारने पाट्यांसाठी आधुनिक कोठार बांधलं होतं. चाचणीसाठी तिथे हलवलेल्या पाट्यांवर बुरशी धरली, तेव्हा त्या मुकाट्याने जुन्या जागी आणल्या. हे ऐकून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे वीज गेली की एसी बंद, आणि दोन दिवसांत पोथ्या बांधलेल्या रुमालांना कुबट वास. वेखंडाच्या पुरचुंड्या घालणारे जुने लोक वेडे नव्हते.

पाऊस झेलत मी वहीत खिडक्यांची मापं अंदाजाने काढली आणि वरिष्ठांना फोटो पाठवला: ‘नव्या एसीचं टेंडर काढण्याआधी हे बघा, सर.’

संध्याकाळी उत्तर आलं: ‘छान आहे. पण त्यांच्या खिडकीबाहेर जंगल आहे. आपल्या खिडकीबाहेर मेट्रोचं काम चाललंय, ती धूळ कुठे घालवायची?’