आजोबांचा काठ

ज्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येतात, त्या वर्षी आम्हा बुरुडांना जेवायला फुरसत नसते. कोकणातल्या घरांत नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे सुपांत वाण भरून गौरीला ओवसणं, तेव्हाच होतो. त्याला सुपं लागतात, कुणाकडे पाच, कुणाकडे दहा. आणि ठाण्यात कोकण काय कमी आहे?

आवाहनाच्या आदल्या दुपारी जांभळी नाक्याजवळ आमच्या नेहमीच्या जागी मी आणि बायको काठ बांधत बसलो होतो. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर पाऊस. कळव्याच्या एक आजी आल्या. नातसुनेसाठी पाच सुपं घेतली, भरपूर घासाघीस केली आणि मग पिशवीतून एक जुनं सूप काढलं. सारवून सारवून काळं पडलेलं.

"एवढा काठ बांधून द्या. घरात प्लास्टिकचं आहे, पण त्यात पाखडता येत नाही मेलं."

खरं आहे ते. प्लास्टिक गुळगुळीत, दाणा, खडा, कोंडा सगळं एकदमच घसरतं.

सूप उलटं केलं आणि माझा हात थांबला. काठाच्या टोकाचे शेवटचे तीन वेढे उलटे घेतलेले. असे वेढे माझे आजोबाच घ्यायचे. डावखुरे होते.

"कुठून घेतलंत?"

"इथूनच. थोरल्याला सुपात निजवायचं होतं. म्हातारे बसायचे, दातात पट्टी धरून. एक पैसा कमी केला नव्हता त्यांनी."

मी आठ वर्षांचा असताना आजोबा गेले. आठवतात ते बांबूच्या पासासाठी खेटे घालताना. 1927 च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवलं होतं, ते 2017 मध्ये कुठे वनाबाहेरच्या बांबूपुरतं सुटलं. पण त्यांचा काठ आमच्या घरात अजून गाजतो. 'आपल्या सुपाला तार नाही,' असं गिऱ्हाइकाला ऐकवतच मी मोठा झालो. वडील नायलॉनच्या दोरीवर आले, मी तारेवर. तो काठ दोघांनाही जमला नाही.

आता तो माझ्या मांडीवर होता. दुरुस्त करायचा तर उसवायला हवा, आणि उसवला की गेला.

"अहो, आजी उभ्या आहेत," बायको म्हणाली.

एक टोक उसवलं. वरची हिरव्या सालीची पातळ पट्टी सुटली आणि खाली निघाली तांब्याची तार. मोटारीच्या वाइंडिंगची, लाखेसकट. वागळे इस्टेटच्या भंगारातली असणार.

"काय झालं हो?" आजींनी विचारलं.

"काही नाही. पट्टी वाळलीय."

त्यांचीच तार परत ताणली, वरून भिजवलेली नवी पट्टी गुंडाळली, शेवटचे तीन वेढे उलटे घेतले. उजव्या हाताने ते काही नीट बसले नाहीत. पन्नास सांगितले, आजींनी तीस टेकवले.

रात्री वडिलांना सांगितलं. वाटलं, हादरतील.

"तार होय? मीच आणून द्यायचो की, शाळेतून येताना."

"मग तुम्ही नायलॉन का वापरलंत?"

"तांब्याचा भाव बघितलास का?"