नमुना आठ आणि मागच्या दोन खोल्या

कासला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. २०१२ साली पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत गाड्यांची रीघ वाढतच गेली. लोक दारात येऊन विचारायचे, "काकू, राहायची सोय होईल का?" मागच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या, दिल्या. तीन हंगाम कसलाही कागद न करता. मग पोलीसपाटील सांगून गेले, उद्या काही झालं तर अंगलट येईल. तेव्हा पर्यटन खात्याच्या निवास-न्याहरी योजनेत नोंदणी करायचं ठरवलं.

पहिली ठेच नमुना आठच्या, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीच्या, उताऱ्यावर. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झालेली. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, आधी वारसनोंद, मग ना हरकत दाखला." म्हणजे मुंबईचे भाऊजी आणि दोन नणंदा यांच्या सह्या. भाऊजींना वाटलं, आम्ही घर गिळायला निघालोय. फोनवर दोन महिने नुसतं "बघू, बघू". शेवटी गणपतीला सगळे आले, तेव्हा जेवणं झाल्यावर पानसुपारीच्या तबकाशेजारी कागद ठेवला. धाकट्या नणंदेनं आधी सही केली, मग भाऊजींचाही हात निघाला.

पोलिसांचा चारित्र्य दाखला ऑनलाइन निघाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तपासणीला साहेब आले. संडासाची कडी दोनदा लावून पाहिली, गाद्या दाबल्या, मग स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "तुम्ही स्वतः इथंच राहता ना?" माझे हात पिठानं भरलेले, तव्यावर भाकरी. म्हटलं, "मग कुठं जाऊ?" मालकानं त्याच घरात राहायचं, ही या योजनेची अट. मला तेव्हा हसूच आलं.

पण वरच्या आळीतला बंगला बघा. मालक पुण्यात, बुकिंग मोबाईलवर, किल्ली दाराशी नंबराच्या पेटीत. शनिवारी रात्री दोनपर्यंत डॉल्बी, रविवारी ओढ्यात बाटल्या. उन्हाळ्यात आमच्या बाया हंडे घेऊन आडावर रांगेत, आणि तिथं पोहायच्या टाकीला टँकर. दार वाजवलं तर पाहुणे म्हणतात, आम्ही पैसे भरलेत. ग्रामसभेत मी विषय काढला, तर उताऱ्यावर ते 'राहतं घर'. घरपट्टीही तेवढीच.

माझ्याकडं आता वही आहे. नाव, आधार, गाडीचा नंबर, सगळं लिहून घेते. परवा एका पोरानं सही करता करता विचारलं, "मावशी, रात्री स्पीकर लावला तर चालेल ना?"

म्हटलं, "लाव की बाळा. भिंतीपलीकडं मीच झोपते."