चीन आला नाही, उंदीर आले

२०१८ च्या जुलैत चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला. मी लगेच गावी, लातूरजवळच्या औशाला फोन केला, "अण्णा, घरातलं सोयाबीन विकू नका. चीन आता आपल्याकडं येणार."

अण्णांनी ऐकलं. चाळीस कट्टे, म्हणजे पोती, दिवाळीपर्यंत घरात राहिली. चीन आला नाही, उंदीर आले. नवा माल निघाल्यावर जो भाव पडायचा, तो पडलाच.

हिशेब मीच चुकलो होतो. चीन वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन बाहेरून घेतो. आपल्या अख्ख्या देशाचं पीक सव्वा कोटी टनांच्या आतबाहेर. त्यातून आपण विकतो डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. चीनला हवा असतो दाणा. पेंड ते घरीच पाडतात, डुकरांसाठी. तो दाणा ब्राझीलनं दिला. अमेरिकेचा माल तुंबला, शिकागोच्या वायदेबाजारातला भाव दहा वर्षांच्या तळाला गेला. शिकागो पडलं की आपल्या डीओसीला निर्यातीची पडतळ बसत नाही, म्हणजे बाहेर विकणं परवडत नाही, तेलाचे प्लांटवाले हात आखडतात आणि लातूरच्या सौद्यात आमचा कट्टा गार पडतो. भांडण त्यांचं, आडत आमची.

एकदा अण्णांना सांगितलं, २०१३ मध्ये अमेरिकेनं डुकराच्या मांसाची तिथली सगळ्यात मोठी कंपनी, स्मिथफिल्ड, चिनी कंपनीला विकत घेऊ दिली. पुढं नॉर्थ डकोटात दुसऱ्या एका चिनी कंपनीनं मक्याच्या कारखान्यासाठी ३७० एकर जमीन घेतली, तर जवळच हवाई तळ आहे म्हणून २०२३ मध्ये गावानं कारखान्याला नाही म्हटलं.

अण्णा म्हणाले, "म्हंजे शेतात पाय ठेवायचा न्हाई, पर माल घ्यायचा?"

मला एवढं नेमकं कधी सांगता आलं नसतं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा चीनवरचा कर १४५ आणि चीनचा अमेरिकेवरचा १२५ टक्क्यांवर गेला, तेव्हा मी गप्प बसलो. मे महिन्यात जिनिव्हात तह झाला, तरी चीननं कित्येक महिने अमेरिकेच्या नव्या पिकाला हात लावला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या सरकारनं कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं की आमच्या सोयाबीनला भाव कुठला? ते आम्हाला चीनपेक्षा जास्त लागलं. सप्टेंबरात शेतात पाणी. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, शिकागो वर गेलं. इथं त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, आणि बाजार त्याच्या बराच खाली.

मी फोनवर बुसानचं सांगायला लागलो. अण्णांनी मधेच तोडलं, "ते असू दे. प्लांट ओलावा किती धरतोय, ते बघ."